फ्यूजच्या जागी चांदी: ‘जीप घरीच तगडी करा’ या संदेशाचा प्रतिवाद

‘वर्कशॉपला हजारो रुपये कशाला घालवता? आपली फोर बाय फोर घरीच तगडी करा’ अशा मथळ्याचा आठ मुद्द्यांचा संदेश सध्या साताऱ्यात मोबाइलवरून फिरतो आहे. तो माझ्याकडे तीनदा आला आणि तीनदा मी तो पुसला. चौथ्यांदा दाजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, तोवर माझ्या भाच्याने त्यातला पाचवा मुद्दा स्वतःच्या गाडीवर करूनही पाहिला होता. यवतेश्वरच्या घाटात, भर पावसात, डॅशबोर्डखालून धूर आल्यावर त्याने मला फोन केला आणि त्याचे पहिले वाक्य होते, ‘मामा, फ्यूज तर उडालाच नाही.’ उडणार कसा? फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी होती.

गाडीचे काम घरी करण्याला माझा विरोध आहे असा समज कोणी करून घेऊ नये. माझ्या जुन्या डिझेल जीपचे ऑइल बदलणे, प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटांना ग्रीस मारणे, ब्रेकचे लायनर पाहणे ही कामे मी अंगणातच करतो. म्हणूनच हा संदेश वाचून माझा अधिक संताप झाला.

पाचव्या मुद्द्यात लिहिले आहे: ‘लाइटबारची वायर सिगारेट लायटरच्या लाइनला जोडा. फ्यूज वारंवार उडत असेल तर तो कमजोर आहे असे समजा. मोठा टाका किंवा चांदी गुंडाळा.’ फ्यूज कमजोरच असायला हवा, त्यासाठीच तो बसवलेला असतो. तो दिव्याचे रक्षण करत नाही, वायरचे करतो. वायर तापून तिचे आवरण वितळण्याच्या आधी त्याने वितळावे एवढेच त्याचे काम आहे. लायटरच्या लाइनला बहुतेक गाड्यांत 15 अँपिअरचा निळा फ्यूज असतो आणि वायरची जाडीही त्याच हिशोबाने ठरवलेली असते. खोक्यावरचे आकडे खरे मानले, तर 240 वॅटचा लाइटबार 12 व्होल्टवर 20 अँपिअर ओढतो. म्हणजे निळा फ्यूज तीनदा उडाला तेव्हा तो तीनदा खरे सांगत होता आणि माझ्या भाच्याने चौथ्यांदा त्याचे तोंड बंद केले. चांदी वितळली नाही, वायर वितळली. त्या वायरीला चिकटून जाणाऱ्या इतर वायरींचे आवरणही गेले आणि दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचे टर्मिनल वेळेत काढले म्हणून गाडी वाचली. हाच दिवा घरी व्यवस्थित बसवता येतो आणि त्याचा खर्चही फार नाही: बॅटरीपासून वीतभर अंतरावर योग्य फ्यूज, तेथून पुरेशी जाड वायर रिलेच्या (बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) 30 क्रमांकाच्या पिनेला, 87 मधून दिव्याला, आणि डॅशबोर्डवरच्या बटणाकडे फक्त 85 व 86 ची बारीक वायर. फ्यूज बॅटरीजवळच हवा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरीला कसलेही संरक्षण नसते. रिले हा शब्द त्या आठ मुद्द्यांत एकदाही आलेला नाही.

दुसरा घातक मुद्दा फोर-हायचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गिअरचा: ‘पावसाळ्यात घाटात गाडी कायम फोर-हायमध्ये ठेवा, ग्रिप वाढते आणि ब्रेकही लवकर लागतो.’ ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतो. फोर बाय फोरमुळे ओढण्याची ताकद चार चाकांत वाटली जाते, थांबण्याचे अंतर घटत नाही. ज्या गाड्यांत गरजेपुरता फोर बाय फोर घालायचा असतो, त्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधोमध डिफरेन्शियल, म्हणजे दोघांच्या वेगातला फरक सामावून घेणारी गिअरची जोडणी, नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, पण दोन्ही शाफ्ट मात्र एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. ठोसेघरच्या वाटेवरच्या लाल चिखलात चाक थोडे घसरते आणि तो फरक निघून जातो. डांबरावर तो सहजी निघत नाही, ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणाऱ्या पेटीत) साठत राहतो, स्टिअरिंग जड होते आणि शेवटी लिव्हर अडकून बसते. कोरड्या, कठीण रस्त्यावर फोर बाय फोर वापरू नका, असे अशा गाड्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. ती पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये असते, एवढे सांगायचीही आता वेळ आली आहे.

मोठे टायर, स्प्रिंगखाली नायलॉनचे ठोकळे आणि लोखंडी बंपर हे सल्ले मी एकत्र घेतो. 31 इंचांच्या जागी 33 इंचांचा टायर घातला तर गाडी ‘दोन इंच उंच’ होत नाही. अ‍ॅक्सल एकच इंच वर जातो, कारण वाढलेल्या व्यासाचा अर्धाच भाग त्याच्या खाली येतो. मीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 85 ने धावत असते, आणि ब्रेकला मोठे, जड चाक थांबवावे लागते. ठोकळ्यांमुळे ब्रेकचा होज ताणला जातो आणि शाफ्टचा कोन बिघडतो. ‘स्वतः बसवलेल्या पार्टला आरटीओ काही करू शकत नाही’ हा सातवा मुद्दाही येथेच निकालात निघतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 ला बदल कोणी केला याच्याशी कर्तव्य नाही. निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बंपरवरच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करावी, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवले होते.

‘स्नॉर्केल बसवा, कुठल्याही ओढ्यात घाला’ हेही असेच. स्नॉर्केलची नळी फक्त इंजिनाचा श्वास उंचावर नेते. अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची तोंडे, खालीच राहतात आणि त्यांतून पाणी आत शिरते. 2020 च्या थारला कंपनीने 650 मिलिमीटर पाण्याची मर्यादा दिली आहे, आणि ती साचलेल्या पाण्याची समजावी. ओढ्याच्या फरशीवरून वाहणारे पाणी त्याहून कमी खोलीतही गाडी ढकलून नेते. पाण्यातून आल्यावर डिफरेन्शियलचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले, तर ते त्याच आठवड्यात बदलावे. जुने इंजिन ऑइल चेसिसला फासण्याच्या सल्ल्याबद्दल एवढेच, की गंज थोडा लांबतो, पण रबरी बुश फुगतात आणि अंगणातली माती नासते.

आठवा मुद्दा मात्र, नाइलाजाने का होईना, मला मान्य करावा लागतो. चिखलात टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी खरोखर निघते. चाळकेवाडीच्या पठारावर मी स्वतः असाच निघालो आहे. पण डांबरावर येताच हवा पुन्हा भरावी, हे संदेशकर्त्याने लिहिलेले नाही, आणि कमी हवेचा टायर महामार्गावर तापून फुटू शकतो. ती हवा भरायचा छोटा पंप भाचा ज्या लायटरच्या सॉकेटला लावतो, त्याच लाइनवर ती चांदी होती.