मोटरने हाय खाल्ली

जळका वास आमच्या घरात तीन ठिकाणांहून येतो. गॅसवरच्या दुधाचा, विसरलेल्या इस्त्रीचा आणि माझ्या खोलीतला. पहिल्या दोन वासांना घरातलं माणूस धावत जातं. तिसऱ्याला बायको जागेवरूनच "खिडकी उघडा" म्हणते.

तिसरा वास माझ्या क्रॉलरचा. क्रॉलर म्हणजे रिमोटवर चालणारी, खऱ्या जीपच्या एक दशांश मापाची गाडी. ती पळत नाही. दगडधोंड्यांवरून घोरपडीसारखी सरपटत चढते, एवढंच तिचं काम. "मुलासाठी घेतली," असं मी सोसायटीत सांगून ठेवलंय. मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे.

मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेनऊ. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीपाशी एका काळ्या कातळावर गाडी चढवत होतो. टेकडीवर फिरायला येणाऱ्यांना अशा वेळी थांबावंसं वाटतंच. एका आजोबांनी काठी टेकून विचारलं, "केवढ्याला पडली?" मी आकडा निम्मा करून सांगितला. तरी ते हळहळले. दुसऱ्यांचा प्रश्न जास्त खोल होता.

"आणि वर जाऊन काय करते?"

"खाली येते."

ते "हां" म्हणाले आणि निघून गेले. तेवढ्यात पुढचं चाक कपारीत अडकलं. मी खटका आणखी दाबला, चाक हललं नाही आणि तो वास आला. आम्हा क्रॉलरवाल्यांतला ठोकताळा असा की मोटरवर बोट तीन सेकंद टिकलं तर ठीक. माझं बोट अर्ध्या सेकंदात तोंडात होतं. मग रुमाल भिजवून मोटरच्या कपाळावर पट्टी ठेवली आणि शेजारी बसून राहिलो. ज्या कातळावर बसलो होतो तोही कधीकाळी लाव्हाच होता. त्याला निवून साडेसहा कोटी वर्षं झाली. मोटरला वीस मिनिटं द्यायला माझी हरकत नव्हती.

यातली गंमत अशी की ही गाडी पळवली तर थंड राहते आणि हळू चालवली तर तापते. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलट दिशेने व्होल्टेज तयार करते आणि बॅटरीतून येणाऱ्या करंटला अडवून धरते. चाक अडलं, मोटर थांबली, की हा पहारेकरी गायब. मग करंटला अडवायला उरतो फक्त तांब्याच्या तारेचा रोध. तो ०.१ ओहम धरला तर ७.४ व्होल्टला ७४ अँपियरचं गणित होतं. प्रत्यक्षात बॅटरी आणि वायरी मध्ये पडतात म्हणून आकडा खाली येतो, पण काम एक दमडीचं होत नाही आणि सगळ्याची उष्णता होते. त्यात ही उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दुप्पट तर ताप चौपट. ईएससी, म्हणजे मोटरला करंट वाढून देणारी डबी, स्वतः तापली की बंद पडून स्वतःला वाचवते. मोटरचं काय झालं हे विचारायलाही येत नाही.

"मिक्सरला असतं तसं खाली लाल बटण नाही का?" बायकोने विचारलं. नाही. एवढ्या महागाच्या गाडीला ते नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लागलं.

मुलाला फोन केला. "बाबा, तू अजून ब्रशवाली वापरतोस? अरे, घरातला पंखासुद्धा आता बीएलडीसी आहे, बिनब्रशचा!" (जुन्या पंख्यातही ब्रश नव्हतेच, ती इंडक्शन मोटर. पण ज्याच्या पैशाने नवे पंखे आले त्याच्याशी वाद घालू नये.) ब्रशवाल्या मोटरमध्ये कार्बनच्या दोन कांड्या फिरत्या कम्युटेटरला, म्हणजे करंटची दिशा आलटून पालटून बदलणाऱ्या तांब्याच्या कड्याला, घासत करंट पोचवतात. विल्यम स्टर्जनने १८३२ मध्ये कम्युटेटरवर चालणारी मोटर फिरवून दाखवली आणि १९६२ मध्ये विल्सन आणि ट्रिकी या जोडीने तेच काम इलेक्ट्रॉनिक स्विचांना जमतं हे मांडलं. १३० वर्षांची नोकरी अशी गेली. आमच्या बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा मी काउंटरवर होतो, त्यामुळे मला त्या दोन कांड्यांबद्दल जरा जास्तच जिव्हाळा आहे. झिजतात, काळी भुकटी सांडतात, ठिणग्या पाडतात, पण दोन वायरी जोडल्या की निमूट कामाला लागतात.

तरीही ब्रशलेस घेतली. सेन्सरवाली. पहिले दोन आठवडे काय सांगू! दगडावर ती अशी चढायची की सायीवर मांजर. मग एकदा घाणेरीच्या झुडपात सेन्सरची बारीक वायर ओढली गेली. सेन्सर नसला की ईएससीला रोटर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, कुठे आहे याचा अंदाज त्याच्या फिरण्यावरूनच घ्यावा लागतो, आणि उभ्या रोटरवरून कसला अंदाज येणार? गाडी जागच्या जागी थरथरायला लागली. जिन्याच्या पहिल्या पायरीशी माझे गुडघे करतात तसं. वायर बदलली, थरथर गेली, पण वास परत आला.

बोटाला फोड होता म्हणून या वेळी सोसायटीच्या ऑफिसातून कोविडच्या काळातलं ताप बघायचं पिस्तूल मागून आणलं. मोटरवर रोखलं, घोडा दाबला. पडद्यावर आकडा आलाच नाही. एच आणि आय अशी दोन इंग्रजी अक्षरं उमटली. हाय! ते यंत्र माणसाच्या तापापुरतंच मोजतं, त्याच्या पलीकडे गेलं की हात टेकतं. पण मला ते मराठीतच वाचायला आलं. मोटरने हाय खाल्ली होती.

दोन्ही मोटरी पिशवीत घालून तपकीर गल्लीच्या आसपास एक रिवाइंडिंगवाले बसतात त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जुनी नाकाशी नेली, अत्तर हुंगावं तशी. "वार्निश गेलंय. कॉइल आतल्या फिरत्या भागावर ना, ताप बाहेर यायला वेळ लागतो. ही मनातल्या मनात जळते." मग नवी हातात घेतली. "हिची कॉइल बाहेर, पत्र्याला लागून. ही लगेच तोंडावर दाखवते. पण दोन्ही एकाच रोगाने आजारी. गाडी आणलीय?"

आणली होती. त्यांनी गिअरचं झाकण काढलं आणि मोटरच्या टोकावरच्या छोट्या चक्राचे, पिनियनचे, दात स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने मोजले. पंधरा.

"कंपनीने किती दातांचं दिलं होतं?"

मी छताकडे बघितलं. अकरा. गेल्या दिवाळीत पार्किंगमधल्या पोरांनी माझी गाडी "स्लो" म्हटली होती, आणि मी त्याच रात्री पिनियन बदललं होतं. वर टायर मोठे घातले, चाकांत पितळेची वजनं भरली. हे सगळं मी प्रामाणिकपणे विसरलो होतो.

"साहेब, तुम्ही भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कात्रजचा घाट चढवताय आणि इंजिन बदलून बघताय," ते म्हणाले. पैसे घेतले नाहीत. हे जास्त लागलं.

अकरा दातांचं पिनियन परत बसलं. जुनी मोटर तेवढी वाचली नाही. खरं सांगायचं तर बारीक, संथ चढाईला मला ब्रशवालीच आवडते. तार जास्त वेढ्यांची घ्यावी, पस्तीसऐवजी पंचावन्न टर्नची. वेग कमी, करंट कमी, डोकं थंड. तशी एक मागवली आहे. नवी सेन्सरवाली कपाटात नाही, गाडीतच आहे, कारण तिचे हप्ते चालू आहेत.

परवा बायको खोबऱ्या-लसणाची चटणी करत होती. भांडं गळ्यापर्यंत भरलेलं. मिक्सर घुमला, कण्हला आणि थांबला. मी पिस्तूल घेऊन धावलो. "लोड जास्त झालाय! निम्मं काढ. मोटर अडली की उलटं व्होल्टेज..."

तिने माझं ऐकून घेतलं, ओट्याखालून लोखंडी खलबत्ता काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "घ्या. याला ब्रश नाही, सेन्सर नाही."

दहा मिनिटं कुटत होतो. घाम कपाळावरून चष्म्यावर. तिने माझ्या हातातलं पिस्तूल घेतलं, माझ्या कपाळावर रोखलं आणि घोडा दाबला.

"छत्तीस पॉइंट आठ," ती म्हणाली आणि उरलेलं खोबरं खलात ओतलं.