‘डबीच्या पेटंट’चा मेसेज आणि दम्याचा पंप: एक उत्तर

गेले काही आठवडे नाशिकमधल्या ग्रुपांवर दम्याच्या पंपाबद्दलचा एक मेसेज फिरतोय. मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही आला. तिथे तो टाकणारे स्वतः फार्मासिस्ट होते, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पंपातलं औषध पन्नास वर्षं जुनं आहे, त्याचं पेटंट केव्हाच संपलंय. पण ज्यातून औषध ओढायचं त्या प्लास्टिकच्या डबीचं पेटंट कंपन्या दर वीस वर्षांनी रिन्यू करतात, म्हणून भारतात पंप महाग पडतो. डबीत विशेष काही नसतं, कुठलीही कॅप्सूल कुठल्याही डबीतून ओढली तरी चालते. अमेरिकेच्या कोर्टाने अशी पेटंटं नुकतीच रद्द केली. आपल्याकडे मात्र सामान्य माणूस काही करू शकत नाही.

मी फार्मसी कॉलेजात शिकवतो. या मेसेजमागचा राग मला समजतो, आणि त्यातला एक भाग खराही आहे. पण त्या खऱ्याच्या आडून बऱ्याच चुकीच्या गोष्टी पुढे सरकतायत, आणि त्यातली एक पेशंटच्या जिवावर बेतू शकते. तीच आधी घेतो.

“कुठलीही कॅप्सूल, कुठलीही डबी”

पंचवटीत माझ्या एका विद्यार्थ्याचं मेडिकल आहे. हा मेसेज दाखवून लोक त्याच्याकडे मागतात, “फक्त स्वस्तातल्या कॅप्सूल द्या, डबी घरी आहे.” तो नाही म्हणतो, आणि बरोबर करतो.

पंप दोन तऱ्हेचे, फवाऱ्याचे आणि कॅप्सूलमधली पावडर ओढायचे. पावडरच्या पंपात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं. फुप्फुसात खोलवर पोचायचं तर औषधाचा कण साधारण एक ते पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतो. त्याहून मोठा कण घशातच बसतो, आणि फार बारीक असेल तर बराचसा उच्छ्वासाबरोबर परत बाहेर येतो. एवढी बारीक भुकटी एकमेकांना चिकटते, म्हणून ती लॅक्टोजच्या (दुधातल्या साखरेच्या) मोठ्या कणांवर बसवलेली असते. तुम्ही श्वास ओढता तेव्हा औषधाचे कण लॅक्टोजपासून सुटे व्हायला हवेत, आणि ते सुटे करण्याचं काम डबीचं. रोटाहेलर नावाची डबी फिरवली की कॅप्सूलचे दोन भाग वेगळे होतात आणि पावडर मोकळी होते. दुसऱ्या काही उपकरणांत बटण दाबलं की सुया कॅप्सूलला भोकं पाडतात, मग श्वासाच्या झोताने ती थरथरते किंवा गरगर फिरते आणि पावडर बाहेर येते. कुठे हवा सहज ओढली जाते, कुठे जोर लावावा लागतो. कंपनीने पावडर बनवलेली असते ती या सगळ्याचा हिशेब धरून.

आमच्या प्रयोगशाळेत ट्विन इम्पिंजर नावाचं काचेचं उपकरण आहे. वरचा फुगा म्हणजे घसा, खालचा म्हणजे फुप्फुस, आणि मोटरने मिनिटाला 60 लिटर हवा ओढायची. मुलं आधी एक कॅप्सूल तिच्याच डबीतून ओढतात, मग तसलीच दुसरी कॅप्सूल दुसऱ्या कंपनीच्या डबीतून. या दुसऱ्या वेळची कॅप्सूल काढून काळ्या कागदावर हलकेच आपटली की पांढरी भुकटी पडते. ती म्हणजे पेशंटला न मिळालेला डोस. जे बाहेर पडलेलं असतं, त्यातलंही बरंच वरच्या फुग्याच्या धुवणात सापडतं. पेशंटला यातलं काही कळत नाही. जिभेला गोड लागलं की औषध गेलं असं त्याला वाटतं, आणि ती गोडी असते लॅक्टोजची.

स्वस्त पर्याय हवा असेल तर डॉक्टरांना तसं सांगा आणि कॅप्सूल व डबी दोन्ही बदलून घ्या. नवी डबी हातात आली की ती ओढायची कशी हे मेडिकलमध्ये उभं राहूनच शिकून घ्या. (कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पेशंटही असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.)

“डबीत विशेष काय? मग पेटंट कसलं?”

फवाऱ्याचा पंप आला 1956 मध्ये, अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजकडून. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या मुलीला दमा होता. केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का मिळत नाही, असं तिने वडिलांना विचारलं होतं. त्याआधी काचेच्या नेब्युलायझरचा रबरी फुगा दाबत बसावं लागायचं आणि डोसाचा नेम नसायचा. नव्या पंपात दर दाबाला मोजून तेवढंच औषध सोडणारा व्हॉल्व्ह होता, आणि त्या व्हॉल्व्हने दम्याचा उपचारच बदलला. असा शोध लावणाऱ्याला काही वर्षं संरक्षण मिळालं तर मला ते गैर वाटत नाही. माझा आक्षेप आहे तो आधीच्याच डबीत एखादी खाच इकडची तिकडे करून मागितलेल्या पेटंटला. मेसेज या दोन गोष्टी एकाच मापाने मोजतो.

“दर वीस वर्षांनी रिन्यू”

हे साफ चूक. भारतीय पेटंट कायद्यात मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं आहे, आणि ती वाढवून मिळत नाही. दरवर्षी भरायची रिन्यूअल फी असते ती पेटंट मधेच बाद होऊ नये म्हणून. मेसेज लिहिणाऱ्याचा गोंधळ बहुधा इथेच झालाय.

खरी युक्ती वेगळी आहे, आणि तिच्याबद्दलचा राग रास्त आहे. औषधाचं पेटंट संपत आलं की व्हॉल्व्हवर, तोंडाकडच्या भागावर, डोस मोजणाऱ्या काउंटरवर नवनवीन पेटंटं घ्यायची. प्रत्येकाची 20 वर्षं वेगळी सुरू होतात. अमेरिकेत 1986 ते 2020 या काळात मंजूर झालेल्या पंपांचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात 53 ब्रँडेड पंप होते, त्यांना मिळालेल्या संरक्षणाचा मध्यक (निम्म्यांचं याहून कमी, निम्म्यांचं जास्त) 16 वर्षं निघाला, आणि निम्म्याहून जास्त पेटंटं उपकरणावरची होती. सर्वांत ठसठशीत उदाहरण ॲडव्हेअर डिस्कस या पावडरच्या पंपाचं. औषधांच्या जोडीचं पेटंट 2010 मध्ये संपलं, डिस्कस या उपकरणाचं 2016 मध्ये, आणि पहिली जेनेरिक (तेच औषध दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) मंजूर झाली जानेवारी 2019 मध्ये. 2016 नंतरची ही वर्षं मात्र पेटंटच्या खात्यावर टाकता येत नाहीत. पावडरचा पंप हुबेहूब तसाच चालतो हे सिद्ध करणं अवघड असतं, आणि जेनेरिक कंपनीचा अर्ज अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याआधी परत पाठवला होता.

“म्हणून भारतात महाग”

अमेरिकेचं दुखणं मेसेजने उचलून आपल्याकडे आणलंय. 1970 च्या कायद्याने भारतात औषध या वस्तूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळायचं. वस्तूवरचं पेटंट आलं 2005 मध्ये. त्यामुळे सालब्युटामॉल, ब्युडेसोनाइड, सालमेटेरॉल-फ्लुटिकासोन या दम्याच्या औषधांचे पंप भारतीय कंपन्या वर्षानुवर्षं बनवतायत. ॲडव्हेअरमधलीच सालमेटेरॉल-फ्लुटिकासोन ही औषधजोडी इथे मेडिकलमध्ये मिळत होती, तेव्हा अमेरिकेतला पेशंट जेनेरिकची वाट बघत होता. सालब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यांची कमाल किंमत सरकार ठरवतं.

पेटंटमुळे श्वासाचं औषध भारतात कधी अडलंच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) पेशंटसाठी इंडाकॅटेरॉल नावाचं दिवसातून एकदा ओढायचं औषध आहे. त्याचं पेटंट नोव्हार्टिस या स्विस कंपनीकडे होतं. सिप्ला या भारतीय कंपनीने 2014 मध्ये आपला स्वस्त माल बाजारात आणला. नोव्हार्टिस हे औषध इथे बनवत नाही, थोडंसं आयात करते, गरज भागत नाही, असं सिप्लाचं म्हणणं होतं. दिल्ली हायकोर्टाने जानेवारी 2015 मध्ये सिप्लाला मनाई केली आणि 2017 मध्ये अपिलातही ती कायम राहिली. पेशंटच्या बाजूने विचार केला तर तो निकाल मला आजही खटकतो. पण वाद होता मूळ औषधाच्या पेटंटचा. डबीचा त्यात संबंध नव्हता.

मग आपल्याकडे लोक पंपावाचून का राहतात? सिंहस्थाच्या कामांनी शहरभर रस्ते उकरलेत, वर नाशिकची थंडी. आणि तरी धाप लागलेला माणूस गोळीवर किंवा सिरपवर दिवस काढतो, कारण “पंपाची सवय लागते” हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. काहींना महिन्याचा खर्च झेपत नाही, कारण दम्याचं औषध रोजचं आहे आणि ते खिशातूनच घ्यावं लागतं. तालुक्याच्या गावाला सरकारी दवाखान्यात पंप दर वेळी मिळेलच याची खात्री नसते. पेटंट उद्या नाहीसं झालं तरी यातलं काही हलणार नाही.

“अमेरिकेच्या कोर्टाने पेटंटं रद्द केली”

केली नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या फेडरल सर्किट अपील कोर्टाने टेवा (ब्रँडेड पंपाची कंपनी) विरुद्ध ॲमनील (जेनेरिक कंपनी) या खटल्यात निकाल दिला. तिथे ब्रँडेड कंपन्या आपली पेटंटं ‘ऑरेंज बुक’ या सरकारी यादीत नोंदवतात. यादीतल्या पेटंटवरून जेनेरिक कंपनीवर वेळेत खटला भरला की तिची मंजुरी 30 महिन्यांपर्यंत आपोआप लांबते. टेवाने आपल्या सालब्युटामॉल पंपाच्या डोस काउंटरवरची आणि इतर भागांवरची पेटंटं तिथे नोंदवली होती. ज्या पेटंटमध्ये मूळ औषधावर दावाच नाही ते या यादीत बसत नाही, असं कोर्ट म्हणालं, आणि वादातली पाच पेटंटं यादीतून काढायला लावली. पेटंटं जिवंतच राहिली, फक्त आपोआप अडवण्याचं हत्यार गेलं. निकाल मोठाच आहे. भारतात मात्र अशी यादीच नाही, आणि मंजुरी देताना औषध नियंत्रक पेटंट बघत नाही.

“सामान्य माणूस काही करू शकत नाही”

या वाक्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण याबाबतीत आपल्या कायद्याइतके उदार कायदे जगात फार थोडे आहेत. पेटंट मंजूर होण्याआधी कलम 25(1) खाली कोणीही हरकत घेऊ शकतो. पेशंट, डॉक्टर, संस्था, शिक्षक, कोणीही. मंजुरीनंतर एक वर्षापर्यंतही हरकत घेता येते, ती मात्र हितसंबंध असलेल्यालाच. कलम 3(फ) म्हणतं की ओळखीची उपकरणं नुसती एकापुढे एक मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर तो शोध नाही. जुनाच पंप आणि जुनाच काउंटर एकत्र जोडून आलेल्या अर्जावर घेण्यासारखा हा आक्षेप आहे. शिवाय ती रचना आधी कुठे छापून आलेली असेल तर तो कागद पुरावा म्हणून जोडता येतो.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात औषधांचे कारखाने आहेत, प्लास्टिकचे साचे बनवणारी टूल रूम आहेत, शहरात फार्मसी आणि इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. पंपाच्या रचनेत नवं काय आणि जुनं काय हे ओळखणारी माणसं इथे आहेत. पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवर अर्ज फुकट शोधता येतात. यंदा शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी पंपावरचे प्रसिद्ध झालेले अर्ज वाचायला देतोय. दावे (अर्जात नेमका कशावर हक्क मागितलाय ते) वाचायचे आणि प्रत्येक दाव्यासमोर जुना संदर्भ शोधायचा. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर सहा महिने पेटंट मंजूर करता येत नाही. हरकतीची तयारी करायला निदान तेवढा वेळ हातात असतो.