‘अब्दुल’ म्हणजे ‘देवाचा सेवक’ नव्हे

‘अब्दुल’चा अर्थ ‘देवाचा सेवक’ असं सांगणारी नावांची यादी सध्या फिरते आहे. ते चूक आहे. अरबीत ‘अब्द’ म्हणजे सेवक आणि ‘उल’मध्ये आहे ते ‘अल’ हे उपपद, इंग्रजी ‘द’सारखं. म्हणजे हातात उरतं फक्त ‘…चा सेवक’. कोणाचा, ते पुढचा शब्द सांगतो. अब्दुल करीम म्हणजे उदार अशा ईश्वराचा सेवक. ‘देवाचा सेवक’ हा अर्थ ‘अब्दुल्ला’चा.

‘अल’नंतर ‘र’ आला की ‘ल’ त्यात विरतो, म्हणून ‘अब्दुल रहमान’चा अरबी उच्चार अब्दुर्रहमान. आपले माजी मुख्यमंत्री अंतुले यांचं नाव मात्र आपण अब्दुल रहमान असंच लिहितो. रूढ झालंय, हरकत नाही. पण हजेरीपटावर ‘अब्दुल’ मुलाचं आणि ‘रहमान’ बापाचं, अशी फाळणी कृपा करून करू नका. नाव अख्खं त्या मुलाचंच असतं.