'गायकवाडांची आरती' म्हणणाऱ्या वाचकास

'एक बडोदेकर' या सहीने आपण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठावरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत: "हा इतिहास नाही, गायकवाडांची आरती आहे. सयाजीराव 1939 साली गेले, विद्यापीठ 1949 साली झालं, मग श्रेय त्यांना कसं? हंसा मेहतांना जेमतेम एक ओळ, फाइन आर्ट्‌सला तीही नाही. पैसाही रयतेचाच होता. मराठी माणसाला बडोद्यात गायकवाडांपलीकडे काही दिसतच नाही."

मतभेदाचं मला वावडं नाही. पण हा सूर मनाला लागला, आणि ते लपवायचं कारण नाही. लेखात सालं दिली, माणसं दिली, इमारती दिल्या. त्यातलं एकही आपण खोडून काढलेलं नाही. ते सोडून थेट माझ्या हेतूवर बोट ठेवलंत, आणि तेही स्वतःचं नाव न लावता. मी प्रत्येक लेखाखाली माझं नाव लिहितो.

आता 1939 आणि 1949. दोन्ही सालं बरोबर आहेत, त्यांवरून काढलेला निष्कर्ष नाही. 30 एप्रिल 1949 ला विद्यापीठ स्थापन झालं आणि दुसऱ्याच दिवशी, 1 मेला, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्या दिवशी विद्यापीठाच्या हाती नुसता कायद्याचा कागद होता असं आपल्याला वाटतं का? 1881 पासून चालत आलेलं बडोदा कॉलेज होतं, वास्तुविशारद चिझमने विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर बांधलेल्या त्या घुमटासकट. तोवर तिथल्या मुलांना पदवी मुंबई विद्यापीठाची मिळे. 1890 चं कलाभवन, म्हणजे कला आणि तंत्रशिक्षणाची शाळा, होतं, प्रा. त्रिभुवनदास गज्जरांनी उभं केलेलं, जिथे दादासाहेब फाळके शिकले. मौलाबक्षांची 1886 ची गायनशाळा होती. 1927 चं प्राच्यविद्या मंदिर होतं. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती पुढे तिथूनच निघाली, ती काय 1949 नंतर अचानक जमवलेल्या पोथ्यांवर? बडोद्याला स्वतःचं विद्यापीठ हवं, यासाठी विजरी आयोग बसला तो सयाजीरावांच्याच हयातीत, विसाच्या दशकात. पुढे गादीवर आलेल्या प्रतापसिंहरावांनी आजोबांचं अर्धं राहिलेलं काम पुरं केलं. माणूस गेल्यावर दहा वर्षांनी छप्पर पडलं म्हणून पाया त्याचा नव्हे, हा कुठला न्याय?

खरं तर घ्यायचाच होता, तर दुसरा आक्षेप घेता आला असता. कॉलेजची कोनशिला 1879 ची. तेव्हा महाराज अल्पवयीन होते आणि कारभार दिवाण टी. माधवरावांच्या हाती होता. त्या सुरुवातीचं श्रेय माधवरावांचं, हे मी आनंदाने मान्य केलं असतं. पण त्यासाठी थोडं वाचावं लागतं.

आणि 'मराठी माणसाला दिसत नाही' हे मला तरी ऐकवू नका. माझा जन्म बडोद्याच्या दांडिया बाजारातला. वडील कलाभवनात शिकले आणि जन्मभर त्या शिक्षणावर घर चालवलं. मी आर्ट्‌स फॅकल्टीत त्याच घुमटाखाली शिकलो. शिकवणारे बहुतेक गुजराती होते, आणि त्यांच्यातल्या एकांनी मला दप्तरखान्यातली मोडी कागदपत्रं वाचायला पाठवलं नसतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. माझ्या लेखात गज्जर आहेत, मौलाबक्ष आहेत, चिझम आहे, कॉलेजात शिकवणारे अरविंद घोष आहेत. यांतला मराठी कोण? तुम्ही लेख पूर्ण वाचलात की मथळ्यावरच थांबलात?

एक गोष्ट मान्य. हंसाबेन मेहतांना एका ओळीत उरकायला नको होतं. पहिल्या कुलगुरू त्या, आणि मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाच्या कुलगुरू होणाऱ्या भारतातल्या पहिल्या स्त्रीही त्याच. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष'ऐवजी 'सर्व माणसं' असं म्हणायला लावणाऱ्याही त्याच. त्यांच्यावर परिच्छेद हवा होता, तो मी घालतो. मात्र त्या बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या, याच संस्थानात वाढलेल्या. म्हणजे त्यांच्या नावानेही माझंच म्हणणं पुढे जातं.

बाकीचं थोडक्यात. पैसा रयतेचा होता, कुठल्या सरकारचा नसतो? 1906 साली त्याच पैशातून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. फाइन आर्ट्‌स फॅकल्टी 1950 ची आणि माझा लेख 1949 ला थांबतो, हे त्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं.

पुढचा लेख गज्जरांवर आहे. त्यात कुठलं साल किंवा कुठलं विधान चुकलेलं दिसलं तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. माझ्या जातकुळीवर लिहिलंत तर देणार नाही.