इकडील सर्व क्षेम

काल रात्री साडेदहाला आमच्या वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आभाराचा मेसेज पडला. ‘आज सायंकाळी बंद पडलेला आपला संगणक ज्येष्ठ सभासद काकांच्या मार्गदर्शनाखाली पुन्हा सुरू झाला. काकांचे मनःपूर्वक आभार. तसेच इतरांचेही.’ खाली २८ अंगठे, ११ जोडलेले हात आणि कुणीतरी सवयीने टाकलेला केक.

त्यातला ‘इतर’ म्हणजे मी. अनेकवचन आदरार्थी असावं.

वाचनालयाच्या लोखंडी कपाटामागे एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, मारियाडीबी हा डेटाबेस, अपाची हा वेब सर्व्हर आणि पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर मी बसवलंय. फुकट. सहा वर्षांपूर्वी वार्षिक सभेत कुणीतरी ‘तुम्ही आयटीत ना?’ विचारलं आणि मी बेसावधपणे मान हलवली. आयटीत मी फॉर्मवरची बटणं दाबून ती दाबली जातात का ते बघतो. पण एसटीत नोकरी म्हटलं की ड्रायव्हर आणि कंडक्टर यांतला फरक कोण विचारतो? एकदम स्टिअरिंगवरच बसवतात.

काल दिवाळी अंकांच्या वाटपाचा पहिला दिवस होता. १९०९ पासून मराठी माणूस दिवाळी अंक वाचतोय, पण पहिल्या दिवशी, पहिल्या तासात, शेजाऱ्याच्या आधी मिळाला तरच तो वाचल्यासारखा वाटतो. सव्वापाचला ग्रंथपाल बाईंचा फोन आला. “सर, लाल पट्टी आलीय आणि लोक चिडलेत.” मी पोचेपर्यंत बाईंनी बटण दाबून मशीन तीनदा बंद-चालू केलं होतं. मॉनिटरही दोनदा. चौथ्या वेळी आधी हळद-कुंकू वाहावं का, अशी चर्चा चालू होती.

मी टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडलं. मारियाडीबी सुरूच होत नव्हती. लॉगमध्ये एरर क्रमांक २८, म्हणजे डिस्कवर जागा नाही. अर्धवट कमांड लिहून टॅब दाबला तरी तेच, तात्पुरती फाईल बनवायला जागा नाही. मग जागा बघायची म्हणून ‘डीएफ’ चालवलं, तर २० जीबीच्या मूळ पार्टिशनपैकी ५४ टक्के भरलेली. बाकी सगळी मोकळी.

म्हणजे घर निम्मं रिकामं, आणि दारावर पाटी ‘जागा नाही’.

“पोतं भरलंय का?”

मागे वळून पाहिलं, तर काउंटरच्या आत, बाईंच्या खुर्चीवर, काका. पोस्टातून निवृत्त. तेही साध्या पोस्टातून नव्हे, आरएमएसमधून, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. धावत्या गाडीच्या डब्यात रात्रभर उभं राहून पत्रं खणाखणांत टाकायची, ही त्यांची उमेदीची वर्षं. काका काउंटरच्या आत कसे आले हे कुणी विचारलं नाही. सरकारी नोकरीत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला काउंटरची आतली बाजू आपोआप सापडते.

“नाही काका, निम्मं रिकामं आहे.”

“आणि तरी पत्र घेत नाही?”

“पत्र नाही हो. डेटाबेस.”

“तेच ते. मग पोतं भरलेलं नाही, नोंदवही संपलीय.”

इथे मी जे बोललो ते मला आज सकाळपासून आठवतंय. मी हसलो. आयटीवाले हसतात तसं, नाकातून. आणि म्हणालो, “काका, कम्प्युटर असा चालत नाही.”

काकांना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, ते गप्प तरी बसले असते. त्याऐवजी त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “अहो इंजिनियर, ऐका. आरएमएसच्या आधी मी वर्षभर काउंटरला होतो. राखीपौर्णिमेच्या आधीचा आठवडा. लोकांची रांग पार रस्त्यापर्यंत. रजिस्टर करायच्या पाकिटांची पोती रिकामी पडलेली. आणि पावत्यांची पुस्तकं संपली! आता पावती फाडल्याशिवाय रजिस्टर घेता येतं का? नाही. पोस्टमास्तरांनी खिडकी बंद केली. पोतं रिकामं, रांग उभी, खिडकी बंद. एक बाई तर राखी हातात धरून तिथेच रडायला लागली. म्हणाली, भाऊ लष्करात आहे. मग मी काय केलं…”

काकांनी काय केलं ते मी ऐकलं नाही. माझ्या मागे बावीस-तेवीस माणसं उभी होती आणि मी हात हलताना दिसणं गरजेचं होतं. म्हणून मी मेलेल्या पण न सोडलेल्या फायली शोधायला घेतल्या. हा लिनक्सचा एक जुना चमत्कार आहे. फाईल पुसली तरी एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडी धरून ठेवली असेल तर तिची जागा सुटत नाही. तेरावं उरकलं तरी मंडळी खोली अडवून बसलेली. पण असल्या फायलींची जागा ‘डीएफ’ भरलेलीच धरतं, आणि माझी तर निम्मी मोकळी दिसत होती, म्हणजे हा शोध मुळातच निरर्थक होता. मला ते ठाऊक होतं. पण पाठीमागे लोक उभे असले की माणूस ठाऊक असलेलंही करून बघतो. चष्मा डोक्यावर असताना खिसे चाचपतो तसं. मग ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्यासाठी, राखीव असते तीही तपासली. रेल्वेतल्या कोट्यासारखीच ती. आपल्याला कधी मिळत नाही, पण तक्रार करायला उपयोगी पडते.

दरम्यान बाईंनी जुनी फुलस्केप वही काढली, पट्टीने चार रकाने आखले आणि अंक द्यायला सुरुवात केली. दर मिनिटाला एक सभासद. वही हँग झाली नाही. एका गृहस्थांनी मला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, “मग हे मशीन नक्की कशासाठी घेतलं होतं?” मी सांगणार होतो की घेतलेलं नाही, देणगीत आलंय. दोन वर्षं मी नवी डिस्क मागतोय, आणि मागच्या सभेत त्याऐवजी पडद्यांचा ठराव झाला. पडदे चांगले आहेत. तपकिरी आहेत. डेटाबेस मात्र त्यांवर चालत नाही.

पावणेसात वाजता, दुसरं काही उरलंच नाही म्हणून, मी ‘डीएफ’ला ‘आय’ जोडून चालवलं.

आयनोड, १०० टक्के. शिल्लक शून्य.

आता हे सांगायलाच हवं, कारण इथेच माझी अब्रू गेली. लिनक्सच्या फाईल सिस्टिममध्ये प्रत्येक फाईलची एक नोंद असते. मालक कोण, आकार किती, मजकूर डिस्कवर कुठे ठेवलाय, हे सगळं त्या नोंदीत. तिला आयनोड म्हणतात. यातला ‘आय’ कशाचा, असं पुढे युनिक्सचे एक कर्ते डेनिस रिची यांना विचारलं, तर त्यांनाही खात्रीने सांगता आलं नाही. ‘इंडेक्स’चा असावा, एवढाच त्यांचा अंदाज. तर, एक्स्ट-फोर प्रकारच्या डिस्कवर या नोंदी किती असणार हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं. साधारण १६ केबीमागे एक. २० जीबीला सुमारे १३ लाख. त्या संपल्या की डिस्क कितीही रिकामी असो, नवी फाईल होत नाही.

थोडक्यात, पोतं रिकामं आणि नोंदवही संपलेली.

मी काकांकडे पाहिलं नाही. काका माझ्याकडे पाहत होते ते मानेला कळत होतं.

“काय निघालं?”

“आयनोड.”

“म्हणजे?”

“म्हणजे…” घशात काहीतरी अडकलं. “नोंदवही, काका.”

काकांनी रांगेकडे तोंड केलं आणि गाडी मनमाडला आल्याची घोषणा करावी तसं सांगितलं, “नोंदवही संपलीय!” रांगेतून “हां…” असा समजूतदार आवाज आला. इतका वेळ मी जे काही सांगत होतो त्यावर एकानेही ‘हां’ केलं नव्हतं.

आता नोंदी खाल्ल्या कुणी? ‘डीयू’ला, म्हणजे कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते सांगणाऱ्या कमांडला, जागेऐवजी आयनोड मोजायला लावलं. बराच वेळ गेला. मग एक पत्ता आला आणि मी तो मोठ्याने वाचायची चूक केली. “व्हार, स्पूल, पोस्टफिक्स, मेलड्रॉप.”

“पोस्ट?” काका उठून उभे राहिले.

पोस्टफिक्स हे मशीनमधलं टपालखातं. त्यात मेलड्रॉप ही पेटी, आणि ‘पिकअप’ नावाचा एक प्रोग्रॅम त्या पेटीतली पत्रं उचलून पुढे देतो. पेटीत काय आहे ते बघायला मी ‘एलएस’ दिलं. पडदा गोठला. एक मिनिट, दोन मिनिटं.

“काय करतंय ते?”

“सगळी नावं गोळा करून आधी अकारविल्हे लावतं. मग दाखवतं.”

“सॉर्टिंग चाललंय!” काकांचा चेहरा उजळला. “मग वेळ लागणारच. त्याला घाई करू नका.” आणि ते माझ्या खांद्यामागे, धावत्या डब्यात राहावं तसे पाय फाकवून उभे राहिले.

मी कंट्रोल-सी दाबून ते थांबवलं. काकांना आवडलं नाही. मग नुसती मोजदाद केली, ११ लाखांच्या आसपास पत्रं. त्यातलं एक उघडलं. वर पाठवणाऱ्याचं नाव रूट. घेणारा रूट. तारीख दोन वर्षांपूर्वीची, नवरात्रातली. आत एक ओळ:

‘सर्व ठीक आहे.’

दुसरं उघडलं. ‘सर्व ठीक आहे.’ तिसरं. ‘सर्व ठीक आहे.’

मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी डेटाबेस एकदा बंद पडला होता. तेव्हा मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. दर मिनिटाला डेटाबेस जिवंत आहे का बघायचं. नसेल तर उठवायचं. असेल तर ‘सर्व ठीक आहे’ म्हणायचं. ती ‘क्रॉन’ला, म्हणजे ठरल्या वेळी कामं करून घेणाऱ्या प्रोग्रॅमला, नेमून दिली. क्रॉनचा नियम असा की काम करताना स्क्रिप्ट जे काही बोलेल ते तो टपालाने मालकाला कळवतो. त्याच आठवड्यात मी असाही विचार केला होता की वाचनालयाला मेल कशाला हवाय, आणि पोस्टफिक्स बंद केलं. म्हणजे पोस्टमन काढून टाकला आणि पेटी लटकत ठेवली. दिवसाला १४४० पत्रं. प्रत्येक पत्राला एक नोंद. मजकूर एक ओळ, पण जागा किमान ४ केबी. अशी दोन वर्षं एक महिना. ‘इकडील सर्व क्षेम’ असं अकरा लाख वेळा लिहून ते मशीन मेलं.

“कुणी पाठवलीत एवढी पत्रं?” काकांनी विचारलं.

“मी.”

“कुणाला?”

“मलाच.”

काकांनी जरा वेळ जाऊ दिला. “कशाबद्दल?”

“सगळं ठीक आहे म्हणून.”

“आणि एकही वाचलं नाहीत?”

रांगेतल्या एका लहान मुलीने आईला विचारलं, “ते काका स्वतःलाच पत्रं का लिहितात?” आईने तिला जवळ ओढून घेतलं.

मी पुसायला घेतली. ‘आरएम’ ही पुसायची कमांड तारांकित करून, म्हणजे सगळ्या फायलींना एकदम, दिली तर उत्तर आलं की यादी फार लांब आहे. आता मशीनही टोमणे मारत होतं. मग ‘फाइंड’ला एकेक शोधून पुसायला सांगितलं. पाऊण तास लागला. काका म्हणाले, “पत्ता चुकलेली पत्रं आमच्याकडे आरएलओला, म्हणजे रिटर्न्ड लेटर ऑफिसला जायची. उघडून वाचायचे, पत्ता सापडला तर परत पाठवायचे. तुम्ही सरळ जाळताय.” त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती. एकाच माणसाने एकाच माणसाला लिहिलेली अकरा लाख पत्रं, तीही खुशालीची. त्यांच्या खात्याने ती फेकली नसती.

क्रॉनमधली ती ओळ मी काढली. खरं म्हणजे तिचं बोलणं ‘देव-नल’मध्ये, म्हणजे टाकलेलं सगळं नाहीसं होणाऱ्या लिनक्सच्या खड्ड्यात, सोडलं असतं तरी भागलं असतं, ही गोष्ट कुठल्याही शिकाऊ पोराला ठाऊक असते आणि दोन वर्षांपूर्वी मलाही होती. साडेआठला मारियाडीबी उठली. लाल पट्टी गेली. टाळ्या वाजल्या, काकांकडे बघून.

काकांना हवा होता तो अंक तोवर वहीतून दुसऱ्या कुणी नेला होता. त्याचं खापर त्यांनी माझ्यावर फोडलं नाही, नुसते म्हणाले, “चालायचंच. दिरंगाई झाली की असं होतं.” मग बाईंनी ती फुलस्केप वही माझ्यापुढे सरकवली. “सर, एवढ्या ६१ नोंदी चढवून जाता का? तुम्ही बसलाच आहात.”

नोंदी चढवल्या. बाई कुलूप शोधत होत्या. काका छत्री घेऊन दारात थांबले होते. पाऊस नव्हता, पण ते छत्रीशिवाय कुठे जात नाहीत.

“आता ठीक आहे ना सर?” बाई म्हणाल्या. “म्हणजे आता नीट चालतंय असं ग्रुपवर रोज टाकत जाल का? लोकांना धीर येतो.”

मी काही बोलायच्या आत काका दारातूनच म्हणाले, “दिवसाला एकच टाका हो.”