ओव्या कपाटात ठेवून संशोधन सुरक्षित होत नाही

माझी भाची माण तालुक्यात दोन वर्षं हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा करतेय, पीएच.डी.साठी. परवा फोनवर म्हणाली, "मामा, रेकॉर्डिंग नेटवर सगळ्यांसाठी खुली करायचं रद्द केलं." कारण सातारा-सांगलीकडच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: मूळ सामग्री खुली केली की चोरीला जाते आणि पदवी धोक्यात येते, डेटा हा विज्ञानवाल्यांचा विषय, छापील ग्रंथ आणि प्रबंध सोडून बाकीचं लेखन संशोधन नव्हे. वाचून डोकंच फिरलं.

चोरीचं आधी, कारण पोरं घाबरलीत ती त्यालाच. वहीतली ओवी उद्या कुणी आपल्या नावावर छापली, तर ती आधी तू टिपलीस हे कशावरून दाखवशील? झेनोडो हे संशोधन-सामग्रीचं ऑनलाइन भांडार २०१३ पासून सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्था चालवते. तिथे सामग्री फुकट ठेवता येते, तिला डीओआय म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक मिळतो, सोबत तुझं नाव आणि तारीख. पुरावा तयार होतो तो असा. पदवीचं म्हणाल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांपासून प्रबंधाचीच ई-प्रत द्यावी लागते आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात ती कुणीही वाचतो. त्याने कुणाची पदवी गेली?

डेटा विज्ञानवाल्यांचा, हे तर साफ खोटं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखावर ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचा संगणकीय संग्रह बांधला. गी २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. कपाटाला कुलूप असतं तर पुढे काय झालं असतं? २०१७ पासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या ओव्या येताहेत: गाणारीचं नाव, गाव, शब्द आणि तिचा स्वतःचा आवाज. छापील पानावर तो आवाज कसा आणणार? छापील तेवढंच संशोधन, या तिसऱ्या मुद्द्याला माझं एवढंच उत्तर.

एक मात्र नाइलाजाने मान्य करतो. सगळंच उघडं टाकू नये. ओवीत सासरचा जाच असतो, नवऱ्याची मारहाण असते, आणि गाणारी अजून त्याच घरात नांदत असते. तिला विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही. पण त्याची सोय झेनोडोवर आहेच: नोंद सर्वांना दिसते, फाइल मात्र बंद ठेवता येते.

भाचीला हेच सांगितलं. रविवारी ती पुन्हा म्हसवडला निघालीय, गाणाऱ्या एकेकीला विचारायला.