दीड हजारात मत विकलं म्हणणाऱ्यांना

23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचा निकाल लागला आणि संध्याकाळपर्यंत नात्यातल्या, शाळेच्या, सोसायटीच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच गोष्ट फिरायला लागली: ‘लाडकी बहीण’ योजनेतून महिन्याला मिळणाऱ्या दीड हजारात बायकांनी मत विकलं. पाठोपाठ ठरलेली वाक्यं यायची. पैसे मिळाले की बाई कुणालाही मत देते. तिच्यामुळेच निकाल फिरला. शिकलेला माणूस असल्या प्रचाराला भुलत नाही. निवडणुकीचा विषय निघाला की आजही हेच ऐकू येतं. मला हे पटत नाही, आणि ज्यांच्याबद्दल हे बोललं जातं त्या माझ्या घरातल्या बायका आहेत, म्हणून रागही येतो. एकेक वाक्य घेऊनच बोलते.

‘विकलं’ हा शब्द आधी घेऊ. महायुतीने दीड हजाराचे एकवीसशे करू म्हणून सांगितलं होतं. महाविकास आघाडीने महिन्याला तीन हजार आणि वर एसटीचा मोफत प्रवास देऊ म्हणून सांगितलं होतं. मत विकायलाच काढलं असतं तर जास्त बोली लावणाऱ्याला गेलं असतं. यावर लगेच उत्तर येतं की हातात पडलेले पैसे आणि आश्वासनातले पैसे सारखे कसे? बरोबर आहे. म्हणजे बाईने विश्वास कुणावर ठेवायचा याचा हिशेब केला. हाच हिशेब पुरुषाने केला की आपण त्याला व्यवहार कळतो म्हणतो.

आमची काकू लातूर जिल्ह्यात दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये खुरपायला जाते. जुलैत अर्ज सुरू झाले तेव्हा मी गावी होते. तिचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं, रेशनकार्डावर सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं. अंगणवाडीताई, सेतू केंद्र, बँक या चकरांमध्ये तिची दोन दिवसांची मजुरी बुडाली. राखीपौर्णिमेच्या आसपास तीन हजार जमा झाले. तो मेसेज तिने मुलाकडून मला फोनवर वाचून घेतला, दोनदा. त्यात रक्कम होती आणि तिचा खाते क्रमांक होता. घरात आजवर आलेला सरकारी पैसा काकांच्या खात्यावर आला होता.

प्रचार नेमका इथे पोचला, आणि ते मी नाकारत नाही. सरकारी योजनेचं नाव ‘लाडकी बहीण’, हप्ता राखीच्या मुहूर्तावर, मंत्री ओवाळून घेताहेत, अजितदादांची गुलाबी जॅकेटं. तिजोरीतल्या पैशाची ओवाळणी झाली. पुढे आचारसंहिता लागायच्या आत ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते एकदमच दिले गेले आणि ‘ते आले तर हे बंद होईल’ ही धास्ती गावोगाव पेरली गेली. मिळाल्याचा आनंद आणि जाण्याची भीती या दोन्ही भावना प्रचाराने घडवल्या. पण भावना हलली म्हणजे माणूस विकला गेला असं होत नाही. तसं असेल तर या राज्यात न विकलेला मतदार शोधावा लागेल.

पैसे मिळाले की बाई कुणालाही मत देते? आंध्र प्रदेश बघा. जगनमोहन रेड्डींच्या सरकारने मुलांना शाळेत पाठवणाऱ्या आयांच्या खात्यात पैसे टाकले, 45 ते 60 वयाच्या महिलांना वर्षाला 18,750 रुपयांची योजना काढली, आणि ती चार वर्षं राबवली. 2024 च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष 151 जागांवरून 11 वर आला. तिथल्या बायकांनी पैसे घेतले नव्हते का?

निकाल बायकांमुळेच फिरला, हेही आकडे न बघता बोललं जातं. महिलांचं मतदान वाढलं हे खरं: 2019 मध्ये सुमारे 59 टक्के, 2024 मध्ये सुमारे 65. पण त्याच निवडणुकीत पुरुषांचं मतदान त्याहून थोडं जास्तच, जवळपास 67 टक्के होतं. महायुतीचे तीन मोठे पक्ष 230 पर्यंत गेले ते काही एकट्या बायकांच्या बोटावरच्या शाईने नाही. सहाच महिन्यांपूर्वी लोकसभेत याच युतीला 48 पैकी 17 जागा मिळाल्या होत्या. कांद्याची निर्यातबंदी, सोयाबीनचा भाव, आरक्षणाचा वाद, संविधान बदलतील ही भीती, एवढ्या गोष्टी होत्या आणि त्या स्त्री-पुरुष सगळ्यांच्याच होत्या.

आता शिकलेल्या माणसाकडे येते, कारण मला खरं इथेच बोलायचं आहे. ‘बटेंगे तो कटेंगे’ ग्रुपवर पुढे ढकलणारे कोण होते? ‘चारसौ पार’ म्हणजे संविधान गेलंच, हे रात्री बारा वाजता पाठवणारे कोण होते? 2014 साली ‘अच्छे दिन’वर जीव टाकणारे? ते नोकरदार, पदवीधर, माझ्यासारखेच होते. त्यांच्याही भीतीला आणि आशेला कुणीतरी साद घातली होती, फक्त त्यांच्या खात्यावर मेसेज आला नाही.

आणि पुरुषांनी कधी काही घेतलंच नाही असंही नाही. ज्या जून 2024 च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण आली, त्याच अर्थसंकल्पात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आली. पंप बहुतेक घरांत कुणाच्या नावावर असतो ते सांगायला नको. पीएम किसानचे पहिले दोन हजार फेब्रुवारी 2019 मध्ये पडले, लोकसभेच्या तोंडावर. 2008 ला कर्जमाफी झाली आणि 2009 ला निवडणूक. पंपवाल्याने मत विकलं, सातबारावाल्याने मत विकलं, असं कुठल्या ग्रुपवर वाचलंत का? ती मदत होती, हक्क होता, बळीराजाचा सन्मान होता. माझंही तेच मत आहे. मग खुरपं धरणारीला वेगळा शब्द का?

मला सर्वात जास्त खटकलं ते हे की टोमणे मारणारे आणि मिरवणारे नेते एकाच भाषेत बोलत होते. बडनेऱ्याचे आमदार रवी राणा म्हणाले होते की आशीर्वाद दिला नाही तर पैसे परत घेईन. मग ती थट्टा होती असं सांगितलं. कोल्हापुरात खासदार धनंजय महाडिकांनी, योजनेचे पैसे घेऊन काँग्रेसच्या सभेला जाणाऱ्या बायकांचे फोटो काढायला सांगितलं. गदारोळ झाल्यावर माफी मागितली. यांच्या लेखी बाईने खाल्ल्या मिठाला जागायचं, आणि ग्रुपवरच्यांच्या लेखी ती मिंधी झाली. मीठ कुणाचं, हे दोघेही विचारत नाहीत. काकू साबण घेते तेव्हाही कर भरते.

या योजनेवर विचारण्यासारखं भरपूर आहे. वर्षाला 46,000 कोटींची तरतूद करताना बाकी कुठे कात्री लागणार होती? निकष कागदावर होते, तर निवडणुकीआधी अर्ज नीट का तपासले नाहीत आणि नंतर लाखो बायका अपात्र का ठरल्या? ज्यांनी सही केली त्यांना हे विचारा.

मार्च 2025 मध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला, त्या संध्याकाळी काकूचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “तू पेपर वाचतीस म्हणून विचारते बाई, एकवीसशेचं काय म्हणाले?” मी सांगितलं, काहीच नाही म्हणाले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बरं. ध्यानात ठेवते.”